कंप्लीशन ९८ टक्के, बरं मग? आयडी लोकांसाठी लर्निंग अ‍ॅनालिटिक्स, सोप्या भाषेत

ट्रेनिंगच्या रिव्ह्यू मीटिंगमध्ये एक स्लाइड ठरलेली असते. कोर्स कंप्लीशन ९८ टक्के, अ‍ॅव्हरेज स्कोअर ८६, फीडबॅक पाचपैकी ४.६. एचआर खूश, क्लायंट खूश आणि ज्याने कोर्स बनवला तो आयडी, म्हणजे कोर्स आखणारा इन्स्ट्रक्शनल डिझायनर, पण खूश. आता कोणी विचारलं की बाबा, हे आकडे बघून आपण कोर्समध्ये नेमकं काय बदलणार आहोत, तर कोणाकडेच उत्तर नसतं, कारण ते आकडे त्यासाठी गोळाच केलेले नसतात, ते स्लाइडवर टाकायला गोळा केलेले असतात.

नाशकात आता इन्स्ट्रक्शनल डिझायनरचं काम करणारे बरेच झालेत. सातपूर-अंबडच्या कारखान्यांसाठी सेफ्टी आणि क्वालिटीची मॉड्यूल्स बनवणारे, पुण्या-मुंबईच्या कंपन्यांचे प्रोजेक्ट घरी बसून करणारे, गंगापूर रोड-कॉलेज रोडच्या क्लासेसचं ऑनलाइन मटेरियल सांभाळणारे, शाळेत शिकवता शिकवता दीक्षासाठी (सरकारचा शालेय ऑनलाइन प्लॅटफॉर्म) कंटेंट करणारे. आणि मुक्त विद्यापीठ तर १९८९ पासून इथे गंगापूर धरणाच्या बाजूला बसून राज्यभर दूरशिक्षण चालवतंय, म्हणजे विद्यार्थी समोर दिसत नसेल तर तो शिकतोय की नुसतं नाव लावून बसलाय हे कळायचं कसं, हा प्रश्न या गावाला काही नवा नाही. नवं एवढंच की आता उत्तराचा थोडा भाग लॉगमध्ये पडलेला असतो आणि जॉबच्या जाहिरातीत "लर्निंग अ‍ॅनालिटिक्सची माहिती हवी" अशी ओळ दिसायला लागलीये, त्यामुळे सगळे पायथन शिकायच्या मागे लागलेत. पायथन वाईट नाही. पण आधी शिकायची गोष्ट ती नाहीये.

लर्निंग अ‍ॅनालिटिक्स म्हणजे शिकणाऱ्यांबद्दलचा आणि ते ज्या परिस्थितीत शिकतात तिचा डेटा मोजणं, गोळा करणं, तपासणं आणि कोणाला तरी सांगणं, आणि हे सगळं कशासाठी, तर शिकणं समजून घ्यायला आणि सुधारायला. २०११ मध्ये कॅनडातल्या बॅन्फला या विषयाची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद झाली तेव्हापासून साधारण हीच व्याख्या चालते. त्यातलं "सुधारायला" हे शेवटचं टोक बहुतेक डॅशबोर्डवाले विसरतात. आपल्याकडचा द्राक्षवाला बागायतदार काढणीच्या आधी रिफ्रॅक्टोमीटरने ब्रिक्स बघतो ना, तेव्हा त्याचं आधीच ठरलेलं असतं की आकडा इतका आला तर उद्या मजूर बोलवायचे आणि कमी आला तर अजून थांबायचं. साखर मोजून नुसता फोटो स्टेटसला टाकायला तो बागेत जात नाही. आयडीने पण तसंच करायचं, रिपोर्ट उघडायच्या आधी कागदावर लिहायचं की हा आकडा असा आला तर मी अमुक स्क्रीन बदलणार, तसा आला तर नाही बदलणार. जो आकडा कसाही आला तरी आपण काहीच वेगळं करणार नाही, तो मागायचाच कशाला.

हे एवढं जमलं तर निम्मं काम झालं, आणि याला कोणतंही सॉफ्टवेअर लागत नाही.

डेटा येतो कुठून

बहुतेक कंपन्यांच्या एलएमएसवर, म्हणजे कोर्स चालवणाऱ्या आणि नोंदी ठेवणाऱ्या सिस्टिमवर, आजही स्कॉर्म चालतं (कोर्सने एलएमएसला काय आणि कसं कळवायचं याचं ठरलेलं मानक), आणि त्यातही खूप ठिकाणी स्कॉर्म १.२, जे २००१ मध्ये आलेलं आहे. ते काय पाठवतं? कोर्स पूर्ण झाला की अर्धवट, पास की नापास, मार्क किती, किती वेळ विंडो उघडी होती, कुठल्या स्क्रीनवर सोडला, आणि नीट सेटिंग केलं असेल तर प्रत्येक प्रश्नाला काय उत्तर दिलं. बस. माणूस कुठे अडखळला, कुठला व्हिडिओ मागे नेऊन परत बघितला, सिम्युलेशनमध्ये आधी कुठलं बटण दाबलं, हे त्यात येत नाही. बुकमार्क आणि बाकी खुणा ठेवायला १.२ मध्ये ४०९६ कॅरेक्टरची जागा मिळते, म्हणून मोठे कोर्स कधीकधी "जिथे सोडला तिथून चालू" करत नाहीत आणि लर्नर वैतागून परत पहिल्यापासून क्लिक करत सुटतो. आता रिपोर्टमध्ये हे काय दिसणार? त्याने कोर्सला भरपूर वेळ दिला. आणि कोणीतरी म्हणणार, वा, एंगेजमेंट काय भारी आहे.

२०१३ मध्ये एक्सएपीआय या स्कॉर्मनंतरच्या मानकाचं पहिलं पक्कं व्हर्जन आलं, त्यात प्रत्येक घटना एका वाक्यासारखी जाते: कोणी, काय केलं, कशावर. म्हणजे "अमुक ऑपरेटरने फोर्कलिफ्ट सिम्युलेशनमध्ये हॉर्न न वाजवता वळण घेतलं" हे सुद्धा नोंदवता येतं, आणि ती वाक्यं लर्निंग रेकॉर्ड स्टोअरमध्ये जमा होतात. ऐकायला मस्त, पण काय नोंदवायचं हे ठरवणार कोण? आपणच, तेही स्टोरीबोर्ड (कोर्सचा स्क्रीनवार आराखडा) लिहिताना. कोर्स पब्लिश झाल्यावर डेटा टीमला फोन करून उपयोग नाही, जे नोंदवलंच नाही ते कुठून काढून देतील बिचारे. म्हणून माझ्या मते आयडीच्या स्टोरीबोर्डमध्ये एक जादा कॉलम पाहिजे: या स्क्रीनवर लर्नरने काय केलं तर मला कळेल की त्याला समजलं, आणि ते कुठे नोंदलं जाईल. नव्वद टक्के स्क्रीनला तो कॉलम रिकामा राहील, राहू दे की. जो भरेल त्यात प्रश्नाला माणसाला कळेल असं नाव द्या, नाहीतर एक्सपोर्टमध्ये ऑथरिंग टूलने (कोर्स बनवायच्या सॉफ्टवेअरने) आपोआप दिलेलं सीन नंबर-स्लाइड नंबर असलं काहीतरी येतं आणि सहा महिन्यांनी ते कुठल्या प्रश्नाचं होतं हे तुम्हाला स्वतःला पण सांगता येत नाही.

कंप्लीशनबद्दल पण एक गोष्ट. "कंप्लीट" म्हणजे काय हे ऑथरिंग टूलमध्ये पब्लिश करताना कोणीतरी एका डब्यात टिक करून ठरवलेलं असतं: सगळ्या स्लाइड बघितल्या की कंप्लीट, की क्विझ पास झाला की कंप्लीट, की शेवटच्या स्लाइडला पोचला की कंप्लीट. दोन कोर्सेसच्या कंप्लीशनची तुलना करायच्या आधी ती टिक बघा. दोन वेगळ्या व्हेंडरनी बनवलेले कोर्स असतील तर हमखास वेगळी निघते.

वेळ हा सगळ्यात फसवा आकडा

पाच जणांनी एक मॉड्यूल केलं असं समजा. ६ मिनिटं, ७, ७, ८ आणि ५२. सरासरी काढली तर १६ मिनिटं, आणि गंमत म्हणजे १६ मिनिटांच्या आसपास एकानेही मॉड्यूल केलेलं नाही. मीडियन, म्हणजे ओळीने लावल्यावर मधला माणूस, ७ मिनिटं. तो ५२ मिनिटवाला काही विषयात बुडून गेलेला नव्हता, तो टॅब उघडा ठेवून चहाला गेला असणार, किंवा शॉप फ्लोअरच्या कियॉस्कवर आधीच्या माणसाने लॉगआउट केलं नसणार. सिस्टिम विंडो उघडी असल्याचा वेळ मोजते, डोकं चालू असल्याचा नाही. म्हणून वेळ बघताना सरासरी नाही, मीडियन. आणि वेळ एकटा बघायचा नाही, मार्कांच्या शेजारी ठेवून बघायचा.

शेजारी ठेवल्यावर मजा येते. बारा मिनिटांचं वाचन आणि दहा प्रश्न असलेला कोर्स कोणी ९० सेकंदात केला आणि दहापैकी दहा आणले, तर दोनच शक्यता, एकतर त्याला विषय आधीच येतो (मग त्याला आपण उगाच बसवलं, टेस्ट-आउट, म्हणजे आधीच टेस्ट देऊन सुटायची सोय, द्यायला हवं होतं) नाहीतर उत्तरं व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरतायत. ओळखायचं कसं? पहिल्या आठवड्यात असे किती होते आणि तिसऱ्या आठवड्यात किती झाले ते बघा. ज्यांना विषय आधीच येतो ते लोक सगळ्या आठवड्यांत विखुरलेले असतात. उत्तरपत्रिका फिरायला लागली की मात्र एका तारखेनंतर ९० सेकंदवाल्यांची लाइन लागते. त्यावर उपाय म्हणून लोकांना झापून काही होत नाही, प्रश्नसंच मोठा करून प्रत्येकाला त्यातले वेगळे प्रश्न द्यायचे.

एकच प्रश्न नीट बघू

आयडीला एकच कौशल्य शिकायचं असेल तर मी आयटम अ‍ॅनालिसिस सांगेन, म्हणजे एकेक प्रश्न नीट काम करतोय का ते तपासणं, आणि ते एक्सेलच्या पिवट टेबलमध्ये (डेटाचे गट पाडून मोजायची सोय) होतं. दोन आकडे लागतात. पहिला, प्रश्न किती टक्के लोकांनी बरोबर सोडवला. दुसरा, पूर्ण टेस्टमध्ये ज्यांना जास्त मार्क पडले त्यातले वरचे २७ टक्के घ्या, कमी मार्कवाले खालचे २७ टक्के घ्या, वरच्यांमधले किती बरोबर त्यातून खालच्यांमधले किती बरोबर ते वजा करा आणि एका गटात जितकी माणसं त्याने भागा. हा झाला डिस्क्रिमिनेशन इंडेक्स, म्हणजे येणाऱ्याला आणि न येणाऱ्याला हा प्रश्न किती वेगळं करतो त्याचा आकडा. २७ का, तर ट्रुमन केली नावाच्या माणसाने १९३९ मध्ये गणित करून दाखवलं की गट पुरेसे मोठे पण राहायला हवेत आणि एकमेकांपासून पुरेसे लांब पण, त्यात हा आकडा चांगला बसतो. ०.३ च्या वर आला की प्रश्न ठीक आहे असं ढोबळमानाने धरतात. शून्याच्या आसपास आला तर प्रश्न काहीच सांगत नाही. आणि उणे आला तर खुर्ची ओढून बसायचं.

उदाहरण घेऊ. अंबडमधल्या एखाद्या प्रेस शॉपसाठी लॉकआउट-टॅगआउटचा (मशीनचा पुरवठा बंद करून त्यावर कुलूप आणि पाटी लावायची पद्धत) कोर्स आहे, १०० ऑपरेटरनी केला असं समजू. प्रश्न: "चालू मशीनमध्ये जॉब अडकला तर तुम्ही काय कराल?" पर्याय चार. एक, इमर्जन्सी स्टॉप दाबून हाताने जॉब काढीन. दोन, मेन सप्लाय बंद करून लॉक आणि टॅग लावीन. तीन, मशीन थांबवून सुपरवायझरला बोलवीन. चार, हातमोजे घालून काढीन. एसएमईने, म्हणजे विषयतज्ज्ञाने, सांगितलेलं उत्तर दोन.

४६ जणांचं बरोबर आलं. नेहमीच्या रिपोर्टमध्ये एवढंच दिसतं आणि निष्कर्ष निघतो की ऑपरेटरना लॉकआउट समजलेलं नाही, रिफ्रेशर लावा. आता गट पाडा. वरच्या २७ मध्ये दुसरा पर्याय घेतला ९ जणांनी, तिसरा घेतला १६ जणांनी, उरलेले दोन इकडेतिकडे. खालच्या २७ मध्ये दुसरा घेतला १४ जणांनी, पहिला ८ जणांनी, तिसरा ४ जणांनी आणि चौथा एकाने. इंडेक्स आला ९ वजा १४ भागिले २७, म्हणजे उणे ०.१९. म्हणजे ज्यांना बाकी सगळं येतं तेच या प्रश्नाला जास्त चुकतायत, आणि सगळे मिळून एकाच पर्यायावर चुकतायत.

अशा वेळी एक्सेल बंद करून फ्लोअरवर फोन लावायचा. लॉकआउटमध्ये कुलूप लावायचा अधिकार त्याचं ट्रेनिंग घेतलेल्या ठराविक लोकांनाच असतो, बहुतेक ठिकाणी मेंटेनन्सच्या. साध्या ऑपरेटरकडे कुलूपच नसतं! त्याने मशीन थांबवायचं आणि कळवायचं, हेच त्याच्यासाठी बरोबर. म्हणजे वरच्या २७ मधल्या १६ जणांनी खरं तर प्लांटच्या नियमाप्रमाणे उत्तर दिलं आणि आपल्या प्रश्नाने त्यांना चूक ठरवलं. एसएमई मेंटेनन्सचा होता, त्याने स्वतःच्या जागेवरून उत्तर दिलं, झालं. प्रश्न बदलायचा, रिफ्रेशर लावायचा नाही.

पण थांबा, खालच्या गटातले ते आठ जण विसरू नका. इमर्जन्सी स्टॉप दाबला की मशीन मेली असं त्यांना वाटतंय. तसं नसतं, सप्लाय आत असतोच, हवेचं किंवा हायड्रॉलिकचं प्रेशर अडकलेलं असू शकतं, आणि कोणी स्टॉप परत फिरवला तर मशीन सुरू करायला मोकळी. हात जाण्याचा खरा धोका इथे आहे, आणि तो ४६ टक्क्यांच्या आकड्यात कुठेही दिसत नव्हता. या आठ जणांसाठी "स्टॉप दाबलाय, तरी आत काय काय जिवंत आहे" अशी एक स्क्रीन करायची, शक्यतो त्यांच्याच मशीनचा फोटो घेऊन. एकाच प्रश्नातून दोन वेगळी कामं निघाली, आणि दोन्ही आयडीची कामं आहेत. डेटा अ‍ॅनालिस्टला उणे ०.१९ दिसेल, पण कुलूप कोणाकडे असतं हे विचारायचं त्याला सुचायचं कारण नाही.

मूडल हे एलएमएस वापरत असाल तर क्विझच्या स्टॅटिस्टिक्स रिपोर्टमध्ये फॅसिलिटी इंडेक्स (किती टक्के बरोबर) आणि डिस्क्रिमिनेशन इंडेक्स आयते मिळतात. तिथलं सूत्र थोडं वेगळं आहे पण वाचायची पद्धत हीच, आणि कुठल्या चुकीच्या पर्यायावर किती गेले ते पण दिसतं. चुकीचे पर्याय वाचणं हे खरं सोनं आहे. ज्या पर्यायाकडे एकही माणूस गेला नाही तो पर्याय नुसता जागा अडवतोय, काढा तो.

व्हिडिओच्या ग्राफबद्दल थोडंसं

२०१४ मध्ये एडएक्स या ऑनलाइन कोर्सच्या साइटवरच्या चार कोर्सेसमधली ६९ लाख व्हिडिओ बघण्याची सेशन्स तपासणारा एक अभ्यास आला, त्यात दिसलं की व्हिडिओ कितीही लांब असला तरी लोक साधारण सहा मिनिटांच्या पुढे टिकत नाहीत. तेव्हापासून "सहा मिनिटांच्या वर व्हिडिओ करायचा नाही" हा जणू कायदा झालाय. अरे पण ते लोक स्वतःहून आलेले, कधीही उठून जाऊ शकणारे ऑनलाइन विद्यार्थी होते, आपला ट्रेनी इंडक्शन रूममध्ये बारा जणांबरोबर प्रोजेक्टरवर बघतोय, त्याला उठायची सोयच नाही. अभ्यास चांगलाच आहे, तो कोणावर झाला ते बघून वापरायचा एवढंच.

ग्राफमध्ये खड्डा दिसला की लोक सोडून जातायत हे कळतं, पण उंचवटा दिसला, म्हणजे एकाच जागेला खूप जण मागे नेऊन बघतायत, तर ते आवडलं म्हणून की कळलं नाही म्हणून, हे ग्राफ सांगत नाही. तीन मिनिटं दहा सेकंदाला उंचवटा असेल तर तिथे जाऊन स्वतः बघा, आणि मोबाइलवर बघा. बऱ्याचदा तिथे लॅपटॉपवर बनवलेलं बारीक अक्षरांचं टेबल असतं आणि ज्याचा फोन सहा इंची आहे तो बिचारा पॉज करून झूम करत बसलेला असतो.

आकडे बेरजेत खोटं बोलतात

हा भाग जरा सावकाश वाचा. एका प्लांटमध्ये जुना कोर्स होता आणि नवीन केला. जुना १०० जणांनी केला, ७८ पास. नवीन १०० जणांनी केला, ६६ पास. क्लायंट म्हणणार नवीन कोर्स फसला, पैसे वाया. आता फोडून बघा. जुना कोर्स ८० परमनंट कामगारांनी केला होता, त्यातले ६८ पास, म्हणजे ८५ टक्के, आणि २० कंत्राटी कामगारांनी, त्यातले १० पास, ५० टक्के. नवीन कोर्स २० परमनंट लोकांनी केला, १८ पास, ९० टक्के, आणि ८० कंत्राटी लोकांनी, ४८ पास, ६० टक्के. परमनंटमध्ये नवीन कोर्स पुढे, कंत्राटीमध्ये पण नवीनच पुढे, तरी बेरीज केली की मागे! कारण बसलेली माणसंच बदलली. संख्याशास्त्रात याला सिम्पसनचा पॅराडॉक्स म्हणतात आणि ट्रेनिंगच्या डेटात तो सारखा भेटतो, कारण आपल्याकडे बॅच कधीच सारख्या नसतात: शिफ्ट वेगळी, भाषा वेगळी, कोणी मराठी व्हर्जन केलेलं तर यूपी-बिहारहून आलेल्यांनी हिंदी. म्हणून कुठलीही तुलना करताना आधी विचारायचं की दोन्हीकडे बसलेली माणसं सारख्याच प्रकारची होती का.

बॅच लहान असेल तर अजून जपून. १८ जणांच्या बॅचमध्ये एक माणूस म्हणजे साडेपाच टक्के. "या वेळी पास रेट ११ टक्क्यांनी वाढला" याचा अर्थ दोन माणसं जास्त पास झाली, कदाचित त्या दोघांची झोप नीट झाली असेल. अशा ठिकाणी टक्के लिहूच नका, १८ पैकी १६ असं सरळ लिहा.

आणि सगळ्यात मोठा खड्डा म्हणजे दोन गोष्टी बरोबर घडल्या म्हणून एकीमुळे दुसरी झाली असं धरणं. यात अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठासारखी मातब्बर मंडळी पण अडकली होती. त्यांची कोर्स सिग्नल्स नावाची सिस्टिम होती, विद्यार्थ्याला सिग्नलसारखा लाल, पिवळा, हिरवा दिवा दाखवायची, की बाबा तू मागे पडतोयस. जगभर तिचं कौतुक झालं, कारण आकडा असा होता की ज्यांनी सिग्नल्स असलेले दोन किंवा जास्त कोर्स केले ते विद्यापीठात टिकून राहण्याचं प्रमाण २१ टक्क्यांनी जास्त. २०१३ मध्ये माइक कॉलफिल्ड आणि अल्फ्रेड एसा यांनी साधा प्रश्न विचारला. जो मुलगा पहिल्याच सेमिस्टरला शिक्षण सोडून गेला, तो दुसरा सिग्नल्सवाला कोर्स करणार कधी? दोन कोर्सवाल्यांच्या गटात यायला आधी टिकावं लागतं. म्हणजे सिग्नल्समुळे पोरं टिकली नसून टिकल्यामुळे त्यांना जास्त सिग्नल्स मिळाले असं पण असू शकतं. एसांनी सिम्युलेशन करून दाखवलं की नुसत्या योगायोगाने वाटलेल्या कशानेही असाच फरक निघतो.

आता आपल्या गावचं बघा. "ज्यांनी तीन रिफ्रेशर केले त्यांच्याकडून रिजेक्शन कमी होतं" असं कोणी स्लाइडवर आणलं तर काय विचारायचं? सहा महिन्यांत नोकरी सोडून गेलेला पोरगा तिसऱ्या रिफ्रेशरला असणारच नाही. तीन रिफ्रेशरवाला म्हणजे जुना माणूस, आणि जुन्या माणसाच्या हातून रिजेक्शन तसंही कमीच होतं, रिफ्रेशर दिला काय न दिला काय.

मार्कांच्या पुढे

डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ मध्ये ट्रेनिंग मोजायच्या चार पायऱ्या मांडल्या: आवडलं का, शिकले का, कामात वागणं बदललं का, आणि कंपनीला फरक पडला का. आपलं बहुतेक सगळं पहिल्या दोनवर अडकतं, कारण तिसरीचा डेटा एलएमएसमध्ये नसतोच, तो सुपरवायझरच्या वहीत, निअर-मिसच्या (थोडक्यात टळलेल्या अपघातांच्या) रजिस्टरमध्ये, क्वालिटीच्या शीटमध्ये असतो. तो जोडायला गेलं की खरी गंमत कळते. एलएमएसमध्ये माणूस ईमेलने ओळखला जातो, एचआरकडे टोकन नंबरने, सुपरवायझरच्या वहीत "पाटील" म्हणून, आणि त्या शिफ्टला पाटील तीन. म्हणून रोल-आउटच्या आधी एवढं एकच भांडून घ्यायचं की सगळीकडे टोकन नंबर आला पाहिजे. कंटाळवाणं काम आहे, कोणी कौतुक करणार नाही, पण पुढचं सगळं यावर उभं असतं.

आणि डेटा कोणाचा आहे याचं भान. २०२३ चा डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन कायदा १८ वर्षांखालच्या सगळ्यांना मूल धरतो, त्यांचा डेटा घ्यायला पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते आणि मुलांच्या वागण्यावर पाळत ठेवायला मनाई आहे. शिक्षणसंस्थांना नियमांत काही मोकळीक आहे पण ती शैक्षणिक कामापुरती. म्हणजे अकरावी-बारावीच्या क्लासचं अ‍ॅप बनवणाऱ्याने "सगळंच ट्रॅक करून ठेवू, लागेल कधीतरी" हा विचार सोडलेला बरा. कारखान्यात वेगळा प्रकार होतो. सरावाच्या क्विझचे मार्क एचआर अप्रेझलला वापरतंय असं एकदा फ्लोअरवर कळलं की लोक सराव करायचंच सोडतात, शेजारच्याला विचारून पहिल्याच झटक्यात बरोबर उत्तर देतात, आणि तुमचा डेटा कायमचा बाद. म्हणून सरावाचा डेटा नावाशिवाय आणि फक्त कोर्स सुधारायला, हे क्लायंटकडून लेखी घ्या, तोंडी नको.

सराव कशावर करायचा

टूलचं म्हणाल तर आधी एक्सेल, त्यात पिवट टेबल आणि एक्सलुकअप. वर सांगितलेलं बहुतेक सगळं त्यात होतं. मग थोडं एसक्यूएल (डेटाबेसमधून डेटा काढायची भाषा), निवडणं, गाळणं, गट पाडणं आणि दोन टेबल जोडणं एवढंच. पॉवर बीआय किंवा लुकर स्टुडिओ त्यानंतर, कारण डॅशबोर्ड हे शेवटचं टोक आहे.

खरा डेटा हवा असेल तर ब्रिटनच्या ओपन युनिव्हर्सिटीने तो फुकट ठेवलाय, नावं काढून टाकून. ३२,५९३ विद्यार्थी, परीक्षांचे मार्क आणि कोण कुठल्या दिवशी किती क्लिक करत होतं त्याच्या एक कोटी सहा लाखांवर ओळी. मुक्त विद्यापीठाच्या गावातल्या माणसाला हा डेटा लगेच ओळखीचा वाटेल, नोकरी करून शिकणारे, मध्येच सोडून जाणारे, अगदी शेवटच्या दिवशी असाइनमेंट टाकणारे. सात सीएसव्ही फाइल आहेत. क्लिकची फाइल एक्सेलमध्ये सरळ उघडायला जाऊ नका, एक्सेलची शीट १०,४८,५७६ ओळींवर संपते आणि पुढचं कापलं जातं. एक्सेलमधल्याच पॉवर क्वेरीने आणा नाहीतर इथेच एसक्यूएलचा श्रीगणेशा करा.

पहिला प्रश्न म्हणून हा घ्या: पास झालेले आणि मध्येच सोडून गेलेले यांच्या क्लिकमध्ये फरक आहे का? पटकन बेरीज केलीत तर प्रचंड फरक दिसेल आणि तो बिनकामाचा असेल, कारण जो दुसऱ्या महिन्यात गेला त्याला उरलेल्या महिन्यांत क्लिक करायला मिळालेच नाहीत, म्हणजे परत पर्ड्यूचाच घोळ. त्याऐवजी जे चौथ्या आठवड्याच्या शेवटी कोर्समध्ये होते तेवढेच ठेवा, कोर्स सुरू व्हायच्या आधीच नाव काढून घेतलेले पण त्यात आपोआप गळतील, आणि सगळ्यांचे फक्त पहिल्या चार आठवड्यांचे क्लिक घ्या. मीडियन काढा, मॉड्यूलप्रमाणे फोडा, कारण प्रत्येक मॉड्यूलची साइट वेगळी बांधलेली आहे. मग कुठल्या प्रकारच्या पानावर फरक जास्त पडतो ते बघा, क्विझवर, फोरमवर की नुसत्या होमपेजवर. जे दिसेल ते धरून त्या कोर्सच्या आयडीला तुम्ही कुठली एक गोष्ट बदलायला सांगाल ते दोन ओळींत लिहा. पुढच्या इंटरव्ह्यूला डॅशबोर्डच्या स्क्रीनशॉटपेक्षा त्या दोन ओळी दाखवा.